दुर्बिणीची शांतता, कामगाराची झोप

मराठीत प्रदूषणावर रोज प्रसिद्ध होणारा सगळ्यात छोटा मजकूर आपल्या फोनवर असतो. ठिकाणाचं नाव, एक आकडा, एक रंग आणि एक विशेषण. समजा, ‘भोसरी, १४०, मध्यम’. आपण तो वाचतो, अंगठ्याने वर सरकवतो आणि पुढच्या रीलवर जातो. हीच ओळ एखाद्या कवितेत आली असती, तर तिच्यावर कोणीतरी चार पानं लिहिली असती. ‘मध्यम’ हाच शब्द का, असं विचारलं असतं.

या लेखात तेच विचारायचं आहे. हवेच्या त्या आकड्याला, आवाजाच्या सरकारी नियमाला आणि रस्त्यावरच्या पांढऱ्या दिव्याला मजकूर समजून वाचायचं. प्रश्न समीक्षेतले नेहमीचेच: हे कोण बोलतंय, कोणाला उद्देशून बोलतंय आणि काय गाळून बोलतंय? वाचनाची जागा पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतचा पट्टा. निगडी, भोसरी, मोशी, कुरुळी, नाणेकरवाडी, म्हाळुंगे, निघोजे. इथे गाड्या तयार होतात, गाड्यांचे सुटे भाग तयार होतात, आणि ते तयार करणारी कितीतरी माणसं कारखान्यांच्या कुंपणाला लागून असलेल्या गावांमध्ये भाड्याच्या खोल्यांत झोपतात. निदान झोपायचा प्रयत्न करतात. माझा मुद्दा त्या झोपेबद्दल आहे.

मध्यम म्हणजे नक्की किती

भारताचा हवा गुणवत्ता निर्देशांक, म्हणजे एक्यूआय, एप्रिल २०१५ मध्ये सुरू झाला. त्यात आठ प्रदूषकं धरली जातात: पीएम १०, पीएम २.५, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसं. प्रत्येकाचा वेगळा उपनिर्देशांक काढतात आणि त्यातला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे त्या दिवसाचा एक्यूआय. कोड लिहिणाऱ्यांच्या भाषेत, हे साधं ‘मॅक्स’ फंक्शन आहे. त्याचा एक गुण आहे. सगळ्यात वाईट घटक इतरांच्या चांगुलपणाआड लपत नाही. पण एक दोषही आहे. सूक्ष्म कण १५० वर आणि बाकी सगळं २० वर असेल, तरी आकडा १५०. सूक्ष्म कण १५० वर आणि जोडीला नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन १४५ वर असतील, तरी आकडा १५०च. एकट्या गुंडाची आणि अख्ख्या टोळीची नोंद एकाच आकड्याने होते.

आता विशेषणाकडे येऊ. पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढे. नाकातल्या केसांना ते जुमानत नाहीत, थेट फुप्फुसाच्या शेवटच्या पिशव्यांपर्यंत जातात आणि त्यातले काही रक्तात उतरतात. आपल्या निर्देशांकात २४ तासांची सरासरी घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम भरली, तर उपनिर्देशांक १०० होतो आणि विशेषण मिळतं ‘समाधानकारक’. रंग पोपटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांत याच कणांसाठी २४ तासांची पातळी १५ आहे. म्हणजे चौपट झाल्यावरही आपण समाधानी. अमेरिकेच्या पट्टीवर ही हवा १५० च्या पुढे जाते, तिथे रंग लाल आणि विशेषण ‘अनारोग्यकारक’. काही खासगी ॲप ती अमेरिकी पट्टी वापरतात. त्यामुळे एकाच फोनवर, एकाच वेळी, एकाच चौकातली हवा एका ॲपमध्ये पोपटी आणि दुसऱ्यात लाल दिसू शकते. दोन्ही ॲप आपापल्या जागी बरोबर असतात. फरक हवेत नसतो, आपण किती सोसायला हवं याबद्दलच्या अपेक्षेत असतो.

१०१ ते २०० या पायरीला आपल्याकडे ‘मध्यम’ म्हणतात. मराठीत मध्यम हा फार सज्जन शब्द आहे. मध्यम आच, मध्यम उंची, मध्यमवर्ग. कुठेही अतिरेक नाही. पण केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तक्त्यात या पायरीपुढे लिहिलेलं असतं की दमा, फुप्फुसांचे आणि हृदयाचे विकार असलेल्यांना श्वास घ्यायला त्रास होऊ शकतो. तक्त्यातलं हे वाक्य फोनपर्यंत येता येता गळतं आणि विशेषण तेवढं उरतं.

आणि मग सरासरी. वेबसाइट सरासरी किती वेळात उघडते, एवढं सांगून अनुभवी इंजिनिअरचं समाधान होत नाही. तो विचारतो, शंभरातल्या सगळ्यात रखडलेल्या एकाला किती वेळ लागला? आमच्या कामात याला ‘पी-नाइन्टीनाइन’ म्हणतात. कारण सरासरी छान दिसत असतानाच कोणाचं तरी पेमेंट अडकलेलं असतं. हवेलाही असा रखडलेला तास असतो. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, जमिनीलगतची गार हवा वरच्या उबदार हवेखाली झाकणासारखी अडकते आणि दिवसभराचा धूर, धूळ, वाहनांचं उत्सर्जन त्या थोड्याशा उंचीत कोंडून राहतं. पहाटेपासून सकाळी ऊन तापेपर्यंतची वेळ त्यामुळे बहुधा सगळ्यात वाईट. थर्ड शिफ्ट सुटते, फर्स्ट शिफ्टच्या बस आणि दुचाक्या रस्त्यावर येतात ती हीच वेळ. दुपारच्या वाऱ्याने सरासरी सावरते, पण सकाळी सहाला तळेगाव चौकात दुचाकीवर अडकलेल्या माणसाच्या फुप्फुसातून ती वजा होत नाही.

या पट्ट्यातला धूर एका ठिकाणाहून येत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. भोसरीतली फोर्जिंग आणि फाउंड्रीची कामं आहेत. कुदळवाडी-चिखलीतल्या भंगार गोदामांना वर्षानुवर्षं आगी लागत होत्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने तिथे मोठी पाडापाडी केली. ताथवडे-पुनावळे भागात रेडी-मिक्स काँक्रीटच्या प्लांटविरुद्ध रहिवासी तक्रारी करत आले आहेत. पुणे-नाशिक आणि तळेगाव-चाकण-शिक्रापूर या दोन रस्त्यांवर कंटेनर, ट्रेलर तासन्‌तास रेंगाळतात. अडकलेलं वाहन एका किलोमीटरमागे जास्त इंधन जाळतं, शिवाय ब्रेकची, टायरची आणि खड्ड्यातली धूळ वेगळी. या सगळ्याला एक आकडा, एक विशेषण.

कायद्याची रात्र

आवाजाचा मजकूर फोनवर येत नाही. तो राजपत्रात आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन आणि नियंत्रण) नियम, २०००. त्यात एक छोटा तक्ता आहे. औद्योगिक क्षेत्रात दिवसा ७५ आणि रात्री ७० डेसिबल, व्यापारी क्षेत्रात ६५ आणि ५५, निवासी क्षेत्रात ५५ आणि ४५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस म्हणजे सकाळी सहा ते रात्री दहा, आणि रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा.

हा तक्ता नीट वाचला की दिसतं, त्याने मनात एक माणूस धरलाय. तो निवासी भागात राहतो, औद्योगिक भागात कामाला जातो आणि रात्री दहाला झोपतो. १९६० च्या दशकातल्या टाउनशिपचा हा माणूस आहे. चाकणमधल्या खोलीतला माणूस असा नाही. त्याचा आठवडा फर्स्ट, सेकंड, थर्डमध्ये फिरतो. थर्ड असेल तर तो सकाळी आठ-नऊला अंथरुणावर पडतो. त्याची रात्र सुरू होते तेव्हा कायद्याचा दिवस चालू असतो. त्याची खोली एमआयडीसीच्या हद्दीच्या आत धरली गेली, तर त्याच्या झोपेच्या वेळी बाहेर ७५ डेसिबल कायदेशीर आहेत. डेसिबलची पट्टी लॉगॅरिदमिक असते. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. ४५ आणि ७५ मध्ये ३० चा फरक, म्हणजे हजारपट ऊर्जा. नियम कोणी मोडत नाही आणि झोप लागत नाही.

दुसरी गोम पुन्हा सरासरीची. हे आकडे क्षणाचे नसतात, त्या त्या कालावधीच्या ऊर्जेच्या सरासरीचे असतात. एक हिशोब करून बघू. रात्रीचे आठ तास म्हणजे २८,८०० सेकंद. बाकी सगळा वेळ पूर्ण शांतता आहे असं धरा, आणि अडीच वाजता खिडकीखालून जाणाऱ्या एका ट्रेलरने एक सेकंदभर ८५ डेसिबलचा हॉर्न दिला. ती ऊर्जा आठ तासांवर पसरली की सरासरी येते साधारण ४०. निवासी मर्यादा ४५. कागदावर ही रात्र शांत आहे. खोलीतली चार माणसं मात्र दचकून उठलेली आहेत. आणि उठली नाहीत तरी शरीर दखल घेतं. रात्रीच्या आवाजावरचं संशोधन सांगतं की माणूस जागा न होताही हृदयाचे ठोके वाढतात, ताणाची संप्रेरकं स्रवतात, गाढ झोप उथळ होते. वर्षानुवर्षं असं होत राहिलं की रक्तदाब आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१८ मध्ये रात्रीच्या रस्त्याचा आवाज ४५ डेसिबलच्या खाली ठेवण्याची शिफारस केली ती याच कारणाने.

मग मोजतं कोण? केंद्रीय मंडळाचं सतत आवाज मोजणारं राष्ट्रीय जाळं २०११ पासून आहे. ते सात महानगरांत आहे. महाराष्ट्रातून त्यात मुंबई आहे, पुणे-पिंपरी नाही. आपल्याकडे आवाजाचे आकडे बातमीत येतात ते गणेशोत्सवात. लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीत सीओईपीचे विद्यार्थी आवाज मोजतात, ते आकडे वर्तमानपत्रांत छापून येतात, वाद होतो. हे काम मोलाचं आहे. पण त्यातून नकळत असं चित्र उभं राहतं की आवाज ही सणाची गोष्ट आहे. चाकणच्या मंगळवारच्या रात्रीला ढोल नसतो, डीजे नसतो. जनरेटरची घरघर, रिव्हर्स घेणाऱ्या ट्रकचं टूं-टूं, प्रेसचा धप्प आवाज आणि हॉर्न. त्याला मिरवणूक नाही, म्हणून बातमी नाही.

झगमगाटाला तक्रार कुठे करायची

उजेडाचा मजकूर तर लिहिलेलाच नाही. प्रकाश प्रदूषणावर भारतात स्वतंत्र कायदा नाही. मर्यादा नाही, म्हणून मोजणी नाही, आणि मोजणी नाही म्हणून तक्रारीला रकाना नाही.

याचं एक कारण भाषेत सापडतं असं मला वाटतं. धुराबद्दल कुरकुर करायला आपल्याकडे कोंडणं, गुदमरणं, ठसका हे शब्द आहेत. आवाजासाठी गोंगाट, कलकलाट, कोलाहल, डोकं उठणं. उजेड जास्त झाला तर? झगमगाट, लखलखाट, रोषणाई, लख्ख. सगळे कौतुकाचे शब्द. अंधार मात्र अज्ञानाचा, भीतीचा, मागासलेपणाचा. गावात वीज आली म्हणजे गाव सुधारलं, ही आपल्या आजी-आजोबांची खरीखुरी आठवण आहे आणि तिच्यात खोटं काही नाही. त्यामुळे ‘प्रकाश प्रदूषण’ हा शब्द कानाला विरोधाभासासारखा लागतो. उजेडाने त्रास होतो असं म्हणणारा माणूस चोचले करतोय असं वाटतं. गेल्या काही वर्षांत उजेड एकदाच तक्रारीचा विषय झाला: मिरवणुकांतल्या लेझरच्या झोतांनी डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या आणि पोलिसांनी बंदीचे आदेश काढले. पुन्हा सणच.

शरीराला मात्र शब्दांशी देणंघेणं नसतं. डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं मुख्य काम चित्र दाखवणं नसून दिवस आहे की रात्र हे मेंदूला कळवणं असतं. निळसर प्रकाशाला त्या सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. रात्री असा प्रकाश डोळ्यावर पडला की मेलाटोनिन हे झोपेचं संप्रेरक कमी स्रवतं. या शरीरघड्याळाची जनुकीय यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल मिळालं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रात्रपाळीच्या कामाची गणना २००७ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ गटात केली आणि २०१९ मध्ये ती कायम ठेवली. आणि रस्त्यांवरचे पिवळट सोडियमचे दिवे जाऊन पांढरे एलईडी आले तेही याच काळात. वीज वाचली, हा फायदा निर्विवाद आहे. पण बऱ्याच ठिकाणी आलेला पांढरा प्रकाश निळसर आहे आणि दिव्याला झाकण नसलं तर तो रस्त्याइतकाच समोरच्या खिडकीत पडतो.

माणसांपुरतंच हे नाही. चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला भीमाशंकरचं अभयारण्य लागतं. पावसाआधी तिथल्या झाडांवर काजवे चमकतात. काजव्याची चमक म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक असते. आजूबाजूला गाड्यांचे हेडलाइट आणि रिसॉर्टचे दिवे आले की ती हाक दिसत नाही. सायन्स नियतकालिकात जानेवारी २०२३ मध्ये आलेल्या एका अभ्यासात सामान्य लोकांनी २०११ ते २०२२ मध्ये केलेल्या ताऱ्यांच्या नोंदी तपासल्या होत्या. त्या मुख्यतः युरोप-अमेरिकेतल्या होत्या. निष्कर्ष असा की रात्रीचं आकाश वर्षाला ९.६ टक्क्यांनी उजळतंय, म्हणजे आठ वर्षांच्या आत दुप्पट. उपग्रहांच्या मोजणीत ही वाढ एवढी दिसत नव्हती. एक कारण असं की उपग्रहावरच्या त्या कॅमेऱ्याला निळा प्रकाश नीट दिसतच नाही. मोजायचं यंत्रही आपल्याला जे बघायचं आहे तेच गाळत असतं.

खिडकी

हवा, आवाज आणि उजेड यांची तीन खाती, तीन नियम, तीन प्रकारचे तज्ज्ञ. खोलीतल्या माणसाकडे ते तिन्ही एकाच खिडकीतून येतात.

खिडकी उघडी ठेवली तर धूळ, हॉर्न आणि दिवा आत. बंद केली तर पत्र्याखालचा उकाडा, डासांच्या अगरबत्तीचा धूर आणि चार माणसांचा श्वास आत. चाकणच्या खोलीतला रोजचा प्रदूषणविषयक निर्णय हा आहे, आणि कोणतंही ॲप त्याचं उत्तर देत नाही. हिंजवडीत अमेरिकेच्या वेळेवर काम करणारा माझ्यासारखा माणूसही रात्री जागतो आणि दिवसा झोपतो. पण त्याला जाड पडदे, दुहेरी काच, एसी आणि हप्त्यावर एअर प्युरिफायर घेता येतो. त्याच्या सोसायटीच्या जाहिरातीत ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असं लिहिलेलं असतं आणि त्याचा अर्थ बहुतेक वेळा बाराव्या मजल्यावर, रस्त्यापासून लांब एवढाच असतो. शांतता आणि काळोख विकत मिळू लागले आहेत. मग ते न मिळणं हा हक्काचा प्रश्न न राहता ऐपतीचा प्रश्न होतो, आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही.

भोंगा होता तेव्हा

साहित्याच्या वेबझीनमध्ये हा प्रश्न विचारायलाच हवा: या खोलीबद्दल मराठीत काय लिहिलं गेलं? मुंबईच्या गिरणगावाला मराठीने भरभरून शब्द दिले. मामा वरेरकरांची ‘धावता धोटा’, नारायण सुर्व्यांचं ‘माझे विद्यापीठ’ (१९६६), जयंत पवारांचं ‘अधांतर’ (१९९७). त्या जगाला एक चिमणी होती आणि एक भोंगा होता. धूर दिसायचा, म्हणून त्याची प्रतिमा झाली. भोंग्याला अर्थ होता: पाळी सुरू, पाळी संपली. अख्खी वस्ती तो एकत्र ऐकायची.

गिरणी संप जानेवारी १९८२ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. योगायोग असेल, पण महाराष्ट्राच्या कारखानदारीचा गुरुत्वमध्य कुठे सरकत होता हे त्या दोन तारखा सांगतात. साहित्य मात्र तितक्या वेगाने सरकलं नाही. आणि नव्या जागी जुन्या प्रतिमा चालतही नाहीत. पीएम २.५ डोळ्याला दिसत नाही. चिमणीच्या जागी हजारो सायलेन्सर आहेत. भोंग्याच्या जागी एक न संपणारी घरघर आहे, जिच्यातून पाळी बदलल्याचंही कळत नाही. खोलीत राहणारी माणसं बीड, लातूर, नांदेडपासून बिहार, ओडिशापर्यंतची, बरीच कंत्राटी, वर्ष-सहा महिन्यांत खोली बदलणारी. वस्ती एकत्र ऐकेल असा आवाज नाही आणि वस्तीही स्थिर नाही.

शब्द असले की काय होतं, याचं उदाहरण इथलंच आहे. चाकण एमआयडीसीला लागून भामचंद्र डोंगर आहे. तुकाराम महाराज एकांतासाठी तिथे जात असं वारकरी परंपरा मानते. २००८ मध्ये त्याच भागात, शिंदे-वासुलीला डाऊ केमिकल्सचं संशोधन केंद्र उभं राहत होतं. गावकरी आणि वारकरी विरोधात उतरले, आंदोलन पेटलं आणि कंपनीला ते केंद्र तिथे करता आलं नाही. त्यातल्या जाळपोळीचं समर्थन करायचं कारण नाही. पण त्या विरोधाला भाषा होती: इंद्रायणी, तुकोबांचा डोंगर, भोपाळची आठवण. नदीचं पाणी खराब होईल हे सांगायला लोकांकडे साडेतीनशे वर्षांचे शब्द होते. तुकोबांना हवा होता तो एकांत, म्हणजे शांतता आणि काळोख, आज त्याच डोंगराच्या पायथ्याशी रोज रात्री थोडा थोडा संपतोय. त्याविरुद्ध दिंडी निघत नाही. कारण एका हॉर्नने आणि एका दिव्याने काही विटाळत नाही, अशी आपली समजूत आहे.

मंचरच्या पुढे

आता चाकणहून त्याच पुणे-नाशिक रस्त्याने उत्तरेला जाऊ. राजगुरुनगर, मंचर, मग नारायणगाव. मंचरच्या पश्चिमेला आंबेगाव तालुक्यात गिरवलीला आयुकाची वेधशाळा आहे. दोन मीटर व्यासाची दुर्बीण, २००६ पासून. डोंगरावरची ही जागा निवडताना काळोख्या आकाशाला महत्त्व होतं. आणि नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी आहे, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, सुमारे २५ किलोमीटर परिसरात पसरलेल्या. आकाशातून येणारे अतिक्षीण रेडिओ तरंग ती टिपते. तिला हवी असते रेडिओ शांतता. मोबाइल टॉवर, विजेच्या तारांतल्या ठिणग्या, कारखान्यांतली यंत्रं, सगळं तिच्यासाठी गोंगाट असतो. म्हणून तिच्या परिसरात उद्योग आणण्यावर बंधनं आहेत. पुणे-नाशिक सेमी-हायस्पीड रेल्वेचा या भागातून जाणारा नियोजित मार्गसुद्धा तिच्यामुळे अडला आणि तो बदलण्याची वेळ आली.

जुन्नर-आंबेगावातल्या अनेकांना याचा राग आहे आणि तो समजण्यासारखा आहे. त्या शांततेची किंमत त्यांनी रोजगाराच्या आणि रेल्वेच्या रूपात मोजली. दुर्बिणीविरुद्ध माझी तक्रार नाही. उलट, आपल्या राज्यव्यवस्थेला शांतता राखता येते याचा मला माहीत असलेला हा सगळ्यात चांगला पुरावा आहे. काय केलं तिथे? किती गोंगाट चालेल हे आधी आकड्यात लिहिलं. तो कोणत्या क्षणी, कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालणार नाही हे लिहिलं. सरासरीवर भागवलं नाही, कारण एका ठिणगीने निरीक्षण वाया जातं. आणि नवीन काही आलं की ते या आकड्याशी ताडून बघणारी, हरकत घेणारी संस्था तिथे बसवली.

एकाच महामार्गावर, काही तासांच्या अंतरावर, दोन प्रकारच्या शांतता आहेत. एकीला लेखी गरज आहे आणि कैवारी आहे. दुसरीला ‘मध्यम’ हे विशेषण आहे. महाराष्ट्राने जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळवली, तिथले दिवे बदलले, झोत जमिनीकडे वळवले. म्हणजे दिवा खाली वळवायचं तंत्रही सरकारला ठाऊक आहे. तारे बघायला येणाऱ्या पर्यटकासाठी ते वापरलं गेलं. थर्ड शिफ्टहून आलेल्या ऑपरेटरसाठी अजून वापरलेलं नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री साडेअकराला चालत खोलीवर जाणाऱ्या मुलीला उजेड हवा, काळोख नको. अगदी खरं. पण झाकण नसलेला पांढरा दिवा डोळे दिपवतो आणि त्याच्यामागचा माणूस दिसेनासा होतो. खाली वळवलेला, उबदार रंगाचा, पायाखालचा रस्ता दाखवणारा दिवा तिला जास्त उपयोगी आहे, आणि तो कोणाच्या उशीवर पडत नाही. सुरक्षितता आणि झोप यांच्यात निवड करायची वेळ चुकीच्या दिव्यामुळे येते.

मागण्या त्यामुळे फार मोठ्या नाहीत. चाकण आणि भोसरीत वर्षभर चालणारं आवाज मोजणी केंद्र, ज्यात सरासरीसोबत रात्री कितीदा मोठा आवाज झाला याची संख्याही असेल. एमआयडीसीच्या आत आणि कुंपणालगत माणसं राहतात हे मान्य करून त्या वस्त्यांना निवासी मर्यादा, आणि थर्ड शिफ्टची दिवसाची झोप धरून. एक्यूआयसोबत दिवसातला सगळ्यात वाईट तास. रस्त्याच्या आणि कारखान्याच्या दिव्यांना झाकणं. यातल्या एकाही गोष्टीसाठी नवं तंत्रज्ञान लागत नाही.

तोपर्यंत वाचक म्हणून आपल्या हातात एवढं आहे की ती छोटी ओळ पुढच्या वेळी लगेच वर सरकवायची नाही. आकडा कोणत्या केंद्राचा आहे आणि ते आपल्या खिडकीपासून किती लांब आहे, तो किती तासांची सरासरी आहे, आणि पट्टी भारताची आहे की अमेरिकेची, हे तिन्ही बघायचं. मग खिडकीशी जाऊन दोन मिनिटं ऐकायचं आणि त्या ओळीत काय काय आलेलं नाही ते कुठेतरी लिहून ठेवायचं, तारीख आणि वेळ टाकून. चाकणवरचं पहिलं चांगलं पुस्तक कदाचित अशाच एखाद्या वहीतून येईल, आणि मोजणी केंद्रासाठीचा अर्जही.